खिडकीच्या काचेवरचे नऊ कागद

“सर, हे उजनी धरण आहे का, एवढंच सांगा,” असे म्हणून पोलीस निरीक्षक मोहिते यांनी ग्राफचा एक कागद माझ्यासमोर ठेवला.

सकाळचे अकरा वाजले होते. कागद प्लास्टिकच्या पिशवीत होता आणि पिशवीवर पंचनाम्याचे लेबल होते. शाळेत गणिताच्या तासाला वापरतात तसला साधा ग्राफपेपर. त्यावर लाल रंगाने भरलेले बारीक चौकोन. डावीकडून उजवीकडे जाणारा एक जाड लाल पट्टा, पट्ट्याला लागून चार लहान आयत. समासात निळ्या पेनाने आकडे लिहिलेले: ४०-८-१२, ३८-१०-१२, आणि असेच खाली पुढे.

“धरण नाही,” मी म्हणालो.

“मग काय आहे?”

“ते एका कागदावरून सांगता येणार नाही. बाकीचे आठ दाखवा.”

मोहिते खुर्चीत सरळ बसले. “आठ आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

मी कोपऱ्यातील पेन्सिलचा आकडा दाखवला. चार, त्याखाली तिरपी रेघ, त्याखाली नऊ. नऊपैकी चौथा कागद. मोहित्यांनी तो अपूर्णांक समजून सोडून दिला होता.

मी सोलापुरातील एका तंत्रनिकेतनात जॅकार्ड डिझाइन हा विषय शिकवतो. जॅकार्ड म्हणजे मागाच्या डोक्यावर बसवलेले यंत्र. चादरीवर मोर, फुले किंवा नाव विणायचे असेल, तर कोणता उभा धागा केव्हा उचलायचा हे त्या यंत्राला सांगावे लागते. ते आधी ग्राफवर लिहितात. ग्राफवरची एक उभी ओळ म्हणजे एक उभा धागा. एक आडवी ओळ म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी. चौकोन भरला असेल तर धागा उचलायचा, मोकळा असेल तर उचलायचा नाही. इतके समजले की पुढचे सर्व वाचता येते. आता बहुतेक कारखान्यांत हे काम कॉम्प्युटरवर होते. हाताने ग्राफ भरणारे शहरात मोजकेच उरले आहेत.

त्यांपैकी एक, रफीक, आदल्या संध्याकाळपासून याच ठाण्यात आतल्या खोलीत बसलेला होता.

सीमेवर तणाव होता तो आठवडा. एक हल्ला झाला होता, त्याला उत्तर दिले गेले होते, आणि टीव्हीवर चोवीस तास सायरनचा आवाज येत होता. तो सायरन खरा नव्हता. चॅनेल तो पार्श्वसंगीतासारखा वाजवत असे. आमच्याकडे एक मॉक ड्रिलही झाली. अशा दिवसांत रफीक मोडनिंबला हायवेवरच्या चहाच्या टपरीवर बसून ग्राफ भरत होता. ज्या पार्टीने चादरीची ऑर्डर दिली होती, तिला तो ग्राफ दाखवायला गेला होता आणि पार्टीने त्याला थांबायला सांगितले होते. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतात. दोन तास तो मान खाली घालून लाल चौकोन भरत होता, मधूनमधून वर बघून तोंडाने आकडे मोजत होता. ग्राफ भरणारा प्रत्येक जण असाच मोजतो. समोर हायवेवरून लष्कराच्या गाड्या चालल्या होत्या. कोणीतरी व्हिडिओ काढला. तासाभरात तो तालुकाभर फिरला, त्याच्यापाठोपाठ पोलीस आले आणि रफीकला सोलापूरच्या या ठाण्यात घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका चॅनेलवर चौथ्या कागदाचा फोटो झळकला. खाली पट्टी: “उजनी निशाण्यावर?” शेजारी रफीकचा फोटो, त्याच्या चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ. जाड पट्टा म्हणजे धरणाची भिंत, आयत म्हणजे दरवाजे, समासातील आकडे म्हणजे अक्षांश-रेखांश. आणखी एका कागदावर “अज्ञात लिपी” होती. धरणाकाठच्या गावांत लोकांनी पाण्याजवळ जाणे सोडले. मासे धरून परतणाऱ्या दोघांना त्यांच्याच गावाने चौकशीसाठी चावडीत बसवून ठेवले.

नऊ वाजता मला रफीकच्या पत्नीचा, नसरीनचा फोन आला होता. “सर, टीव्ही पो इनका फोटू आरा. घरमालक आके खडा है. तुमे बोलो ना सर, इनो चादर का काम करते बोलके.” मी तिला सांगितले की मी आपणहून जाऊन बोललो तर त्याला फारशी किंमत राहणार नाही, पोलिसांनी विचारले तर राहील. मग तंत्रनिकेतनाच्या प्राचार्यांकडून रीतसर फोन करवून मी तज्ज्ञ म्हणून उपलब्ध असल्याचे कळवले. दीड तासाने गाडी आली.

म्हणून बाकीचे कागद येण्याआधी मी मोहित्यांना दुसरी एक गोष्ट सांगितली.

“साहेब, रफीक माझा विद्यार्थी आहे. सायंकाळच्या प्रमाणपत्र वर्गात दोन वर्षे होता. हे तुमच्या नोंदीत यावे.”

“मग तुमच्या मताचा मला काय उपयोग?”

“मत देणारच नाही. तुम्हाला स्वतःला दिसेल असे करतो.”

मोहित्यांनी ते लिहून घेतले. सडसडीत, चष्मा लावणारा माणूस. डोळे जागरणाने लाल होते. “सर, पाच वाजता बाहेरचं पथक येतंय. त्यांच्या ताब्यात दिला की माझ्या हातात काही राहत नाही. खरं सांगायचं तर कालपासून मलाही शंका आहे. धरणाचे दरवाजे आम्ही मोजलेत. इथे चार आहेत. धरणाला त्याच्या कितीतरी पट आहेत.”

“चॅनेलने मोजले नाहीत?”

“त्यांना कशाला मोजायचेत!”

“रफीक स्वतः काय म्हणतो?”

“चादर आहे म्हणतो. प्रत्येक जण काहीतरी म्हणतोच. आणि ऑर्डर कुणाची म्हणतो, ठाऊक आहे?” मोहित्यांनी आवाज खाली आणला आणि एका स्थानिक नेत्याचे नाव घेतले. त्या नेत्याला सगळा तालुका ‘साहेब’ म्हणतो, मीही येथे तेच म्हणतो. “म्हणतो, कागदात साहेबांचं नाव लिहिलंय. आता माझी पंचाईत बघा. संशयिताच्या कागदात नेत्याचं नाव! पीएला फोन लावला. पीए म्हणाला, अशी कुठलीही ऑर्डर आम्ही दिलेली नाही, साहेबांच्या जिवाला धोका आहे, जादा बंदोबस्त द्या. दोन माणसं द्यावी लागली.”

“आणि साहेब?”

“साहेबांनी सकाळी बाइट दिलाय.” बाइट म्हणजे कॅमेऱ्यासमोर दिलेली अर्ध्या मिनिटाची प्रतिक्रिया. “म्हणे, अशा प्रवृत्ती ठेचल्या पाहिजेत.”

येथे आमच्या धंद्यातील एक रीत सांगितली पाहिजे. सोलापुरात चादरीची ऑर्डर बहुधा तोंडी असते. पार्टी कारखान्यात किंवा डिझायनरच्या घरी येते, चहा होतो, “विमान पाहिजे”, “मोर पाहिजे”, “खाली नाव टाका” असे सांगते आणि जाते. कागद होत नाही. कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे मानतात. रफीकनेही मागितला नव्हता. त्याच्याकडे साहेबांचा एक शब्द होता आणि तो शब्द आता पीएच्या स्वाधीन होता.

मी कामाला लागलो. मूळ कागद मुद्देमाल असल्यामुळे, म्हणजे जप्त केलेला पुरावा असल्यामुळे, त्यांना हात लावता येत नव्हता. हवालदार कुंभार यांनी नऊ रंगीत झेरॉक्स आणल्या. वयस्कर गृहस्थ, सांगोल्याकडचे.

कागद कोपऱ्यातील आकड्यांप्रमाणे लावले. तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन. पोलिसांनी प्रत्येक कागद वेगळ्या पिशवीत, वेगळ्या क्रमांकाने ठेवला होता. त्यामुळे ते एकत्र आहेत असे कालपासून कोणी पाहिलेलेच नव्हते. चिकटपट्टीने जोडल्यावर समासातील आकड्यांचा उलगडा झाला. मी मोहित्यांना चौथ्या कागदाच्या पहिल्या आडव्या ओळीचे चौकोन मोजायला सांगितले.

ते बोट ठेवून मोजू लागले. “मोकळे चाळीस… लाल आठ… मोकळे बारा.” थांबले. “चाळीस, आठ, बारा.”

“मोजताना चूक होऊ नये म्हणून तो समासात लिहून ठेवतो. शिवणारा माणूस माप लिहितो तसे.”

“म्हणजे अक्षांश-रेखांश…”

“एक पाढे येणारा मुलगा पुरला असता.”

मोहिते हसले नाहीत, पण त्यांनी वहीत काहीतरी लिहिले. तरीही चित्र कळत नव्हते. वरच्या दोन ओळींत दोन्ही बाजूंना पसरलेला एक चपटा, बेढब आकार होता. खालच्या ओळीत अक्षरांसारखे काहीतरी. टीव्हीवरची अज्ञात लिपी ती हीच. मला पाहताक्षणी एक गोष्ट खटकली. लिपी अज्ञात होती, पण तिला शिरोरेषा होती.

आता दोन प्रश्न उरले होते. मी मोहित्यांकडून एक कोरा कागद घेतला, त्यावर दोन ओळी लिहिल्या, घडी घालून त्यांच्या हातात दिला.

“हा उघडू नका. आता मला रफीकला दोनच प्रश्न विचारू द्या. तुमच्यासमोर.”

रफीकला आणले. त्याने मला पाहिले आणि मान खाली घातली. बोटांच्या टोकांना अजून लाल रंग होता.

“रफीक, तोंड वर की खाली?”

“खाली, सर.”

“धागा कसा?”

“उभा डबल दाट, सर. आडवा त्याच्या निम्मा.” मग त्याला राहवले नाही. “खास ग्राफपेपर मिळाला न्हाई सर. सगळी दुकानं फिरलो. दुकानदार हसतोय, आता कोण घेतंय म्हणतोय. म्हणून शाळेचा घेतलो. तुमी बोलला होता, शाळेचा घेऊ नको, चित्र फाकतंय म्हणून. तरीबी घेतलो.”

“ते नंतर बोलू,” मी म्हणालो. त्याची ही चूक वर्गातच धरायची असते, पोलीस ठाण्यात नव्हे.

मोहित्यांनी घडी उघडली. मी लिहिले होते: ‘१. तोंड खाली. २. उभा धागा आडव्याच्या दुप्पट.’

“हे काय गौडबंगाल आहे?”

मी समजावून सांगितले. काही मागांवर कापडाची चांगली बाजू खाली ठेवून विणतात, कारण त्यामुळे एका वेळी कमी धागे उचलावे लागतात. तसे असेल तर ग्राफवर अक्षरे आरशात दिसतात तशी उलटी काढतात. विणून कापड पालटले की ती सुलट होतात. दुसरी गोष्ट प्रमाणाची. चादरीत उभे धागे जवळजवळ असतील आणि आडवे विरळ असतील, तर कापडावरच्या एका चौरसासाठी ग्राफवर जास्त उभ्या ओळी लागतात. त्यासाठी आयताकृती घरांचा खास ग्राफपेपर असतो. रफीकने चौरस घरांचा, शाळेचा कागद वापरला होता. त्यामुळे कागदावर सर्व काही दुप्पट रुंद झाले होते. कापडावर ते बरोबरच आले असते. ग्राफ बघणारा कारागीर हा हिशोब मनातल्या मनात करतो. चॅनेलच्या प्रेक्षकाने तो करावा अशी अपेक्षा नाही.

“मग आता सुलट कसं करायचं? कॉम्प्युटर लागेल?”

“खिडकी लागेल.”

पश्चिमेची एक मोठी खिडकी होती. दुपारचे दोन वाजून गेले होते आणि काचेवर ऊन आले होते. जोडलेल्या झेरॉक्सचे तोंड बाहेरच्या बाजूला करून मी आणि कुंभारांनी तो मोठा कागद काचेवर चिकटवला. आतून पाहिले की उजेडात पाठीमागून चित्र दिसते, म्हणजे उलटे सुलट होते. मग खिडकीशेजारच्या आडव्या भिंतीला जवळजवळ पाठ लावून उभे राहायचे आणि कागदाकडे कडेने, तिरपे पाहायचे. तिरपे पाहिले की रुंदी कमी दिसते. अर्धी दिसेल इतके सरकायचे.

मोहिते सरकले. कुंभार त्यांच्या मागे, टाचा उंचावून.

आधी कुंभारच बोलले. “ह्ये तर इमान हाय की वो, सर!”

विमानच होते. लढाऊ विमान, वरून पाहिल्यासारखे, नाक वर. धरणाची भिंत म्हणजे त्याचे पंख. चार दरवाजे म्हणजे पंखांना लावलेली क्षेपणास्त्रे. दुसरे चार दरवाजे सहाव्या कागदावर होते, तो चॅनेलला मिळालाच नव्हता. विमानाखाली, सुवाच्य देवनागरीत: ‘वीर जवानांस सप्रेम भेट’. त्याखाली साहेबांचे पूर्ण नाव, पदासह, आणि शेवटी ‘यांजकडून’.

मोहित्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा भिंतीला टेकून पाहिले.

“सर, ते नाव तुम्हाला वाचता येतंय ना?”

“येते आहे.”

“मोठ्यानं वाचू नका.”

एवढ्यात बाहेर गलका झाला. आमच्या लक्षात आले नव्हते, पण कागदाचे तोंड आवाराकडे होते. आवारात कॅमेरे होते. कुंभारांनी आपल्या मोबाइलवर चॅनेल लावले, तर आमचीच खिडकी लाइव्ह दिसत होती. पट्टी बदलली होती: “ठाण्यात सापडला महानकाशा?”

“त्या श्रीनिवासला आत घ्या,” मोहिते म्हणाले. “एकट्याला. कॅमेरा बाहेर.”

श्रीनिवास त्या चॅनेलचा सोलापूरचा स्ट्रिंगर. स्ट्रिंगर म्हणजे पगारी नसलेला, बातमीगणिक काम करणारा बातमीदार. तिशीतला, पूर्व भागातल्या विणकर कुटुंबातला. त्याचे वडील, त्यांच्या घरच्या तेलुगूत नान्ना, आयुष्यभर जॅकार्डची कार्डे पाडत होते; ग्राफ पाहून पुठ्ठ्याला भोके पाडण्याचे ते काम. मी त्यांना ओळखत होतो. श्रीनिवासला भिंतीशी उभे केले. त्याने पाहिले. त्याला फारसे आश्चर्य वाटले नाही.

“तुला ठाऊक होते?” मी विचारले.

“विमान आहे हे नव्हतं ठाऊक, सर. ग्राफ आहे हे ठाऊक होतं.” तो खाली बघत होता. “आमच्या नान्नांच्या मांडीवर बसून मोठा झालोय, ग्राफ ओळखणार नाही का? काल मुंबईच्या डेस्कला सांगितलो की, चादरीचा ग्राफ वाटतोय. मॅडम म्हणाल्या, वाटतोय की आहे? मी म्हटलं, खात्री करतो. म्हणाल्या, तोवर व्हिज्युअल पाठव, आपण प्रश्नचिन्ह लावू.”

प्रश्नचिन्हाचा अर्थ त्यानेच मला समजावला. पट्टीच्या शेवटी प्रश्नचिन्ह असले की चॅनेलने काही सांगितले असे होत नाही. फक्त विचारले, असे होते. उत्तर देण्याची जबाबदारी बघणाऱ्यावर जाते.

“आता त्यांना फोन लाव,” मोहिते म्हणाले. “स्पीकरवर.”

फोन लागला. मुंबईच्या डेस्कवरच्या बाईंचा आवाज घाईतला होता. “बोल श्रीनिवास, पटकन. महानकाशाचं पुढे काय?”

“मॅडम, तो नकाशा नाही. चादर आहे. विमानाचं डिझाइन. मी स्वतः बघितलो.”

“पोलीस ऑन रेकॉर्ड बोलतायत?”

श्रीनिवासने मोहित्यांकडे पाहिले. मोहित्यांनी मान हलवून नकार दिला; वरिष्ठांना कळवल्याशिवाय त्यांना बोलता येत नव्हते.

“अजून नाही.”

“मग चादर कसं चालवू? नकाशाला तरी व्हिज्युअल आहे. आणि हे बघ, सगळे उजनी चालवतायत, आपणच पहिल्यांदा दिली. आपण मागे कसं यायचं? ते ऑन रेकॉर्ड आले की बघू.” फोन बंद झाला.

“लई हुशार हाय बाई,” कुंभार म्हणाले. श्रीनिवासने फोन खिशात घातला.

मोहित्यांना वरिष्ठांपुढे ठेवायला कागदापेक्षा ठोस काही हवे होते. ते मला सुचवता आले. तंत्रनिकेतनाच्या लॅबमध्ये इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आहे; त्याला कार्डे लागत नाहीत, स्कॅन केलेला ग्राफ चालतो. कुंभारांना साक्षीला सोबत घेऊन मी लॅबमध्ये गेलो. मधल्या नक्षीचा आणि अक्षरांचा हातरुमालाएवढा नमुना विणायला घेतला. माग सुरू झाल्यावर कुंभार खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि उठले नाहीत. नमुना तयार झाला तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. मी तो मागावरून कापला, पालटला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो हाताने सपाट केला. “फाकलं न्हाय आता,” ते म्हणाले. खरेच, विमान अगदी प्रमाणात होते. शाळेच्या कागदावर काम करूनही रफीकचा एकही चौकोन चुकला नव्हता. मी शिक्षक आहे. हे तपासल्याशिवाय मला राहवले नाही.

ठाण्यात परतल्यावर मोहित्यांनी तो रुमाल टेबलावर ठेवून फोटो काढला आणि साहेबांच्या पीएला पाठवला. मग फोन लावला. त्यांचा स्वर अत्यंत नम्र होता.

“नमस्कार, मोहिते बोलतोय. एक चादर तयार आहे, वर साहेबांचं नाव आहे. नमुना पाठवलाय. ही साहेबांची नसेल तर कोणीतरी साहेबांच्या नावाचा गैरवापर करतंय असं होईल. तसा वेगळा गुन्हा नोंदवतो. मग बाहेरचं पथक येतंय ते साहेबांचाही जबाब घेईल, एवढंच कळवायचं होतं.”

पलीकडून मोठे हसणे ऐकू आले. “अहो, ती चादर होय! आधी चादर म्हणायचं की राव! आमच्या पोरांनी सांगितली असेल कुणीतरी. साहेबांना इतकी कामं, कुठं लक्षात राहतंय!”

“मग तसं लेखी द्याल का?”

“लेखी कशाला, आपण आहोत की.”

“लेखीच लागेल, दादा. साडेचारच्या आत.”

चार वाजून वीस मिनिटांनी व्हॉट्सअॅपवर लेटरहेड आले. त्यात चादर आपलीच असल्याचे सांगून साहेबांनी कारागिराचा सन्मान केला होता आणि त्याचे नाव लिहायचे राहून गेले होते. मोहित्यांनी लेटरहेड, रुमाल, माझा एक पानी अभिप्राय आणि घडी केलेला तो कागद, सर्व एकत्र टाचले. माझ्या अभिप्रायाच्या पहिल्या ओळीत रफीक माझा विद्यार्थी असल्याचे लिहिले होते. बाहेरचे पथक पाच वाजता आले. त्यांच्यातल्या एका अधिकाऱ्याचे काका इचलकरंजीला मागावर होते. त्याने रुमाल उलटा-सुलटा केला, दोनच प्रश्न विचारले आणि चहा मागवला. साडेसहाला रफीक बाहेर आला. मागच्या दाराने, कारण पुढच्या दारी कॅमेरे होते.

त्याच संध्याकाळी चॅनेलची पट्टी होती: “उजनी प्रकरणातील संशयिताची सुटका, दबाव कोणाचा?” श्रीनिवासने स्वतःच्या मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ करून ग्राफ, खिडकी आणि रुमाल समजावून सांगितला. मला तो शिकवण्याच्या दृष्टीने उत्तम वाटला. फार थोड्या लोकांनी पाहिला. चॅनेलने पुढचा महिनाभर त्याची एकही बातमी घेतली नाही.

पंधरा दिवसांनी तेच विमान पुन्हा टीव्हीवर आले, आता सुलट आणि प्रमाणात. साहेब माजी सैनिकांना चादरी वाटत होते. पट्टीला प्रश्नचिन्ह नव्हते. चादर कोणत्या ग्राफवरून विणली हे कोणी विचारले नाही. साहेबांचे ते दोन बंदोबस्ताचे पोलीस व्यासपीठाच्या कडेला उभे होते. ते परत मागवायचे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

रफीकच्या घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली. दोन कारखान्यांनी काम देणे थांबवले. त्यांपैकी एका मालकाने मला स्पष्ट सांगितले, “सर, मला ठाऊक आहे त्यानं काही केलं नाही. पण माझी पार्टी टीव्ही बघते.” रफीकचे नाव मोबाइलवर टाइप केले की अजून लाल वर्तुळातला चेहरा आधी येतो. त्याने दुसरीकडे खोली घेतली आणि माझ्या लॅबमध्ये सायंकाळी कॉम्प्युटर डिझाइन शिकायला सुरुवात केली. त्याला ते सहा आठवड्यांत आले.

गेल्या महिन्यात पीए स्वतः त्याच्याकडे गेला. निवडणूक जवळ आली होती, टॉवेल हवे होते. मी योगायोगाने तेथेच होतो. पीए चहा पिऊन म्हणाला, “तेच विमान टाक. खाली साहेबांचं नाव. पहिल्यासारखंच.”

रफीकने कपाटातून एक छापील कागद काढून त्याच्यासमोर ठेवला. पार्टीचे नाव, डिझाइन, मजकूर, दिनांक, सही. असे फॉर्म आम्ही लॅबमध्ये शिकवण्यासाठी छापले आहेत.

पीएने कागद वाचला. “हे काय रे? आमच्यावर भरवसा नाही काय?”

“हाय की दादा,” रफीक म्हणाला. “म्हणून तर पेन आणलोय.”

पीएने सही केली नाही. साहेबांना विचारून सांगतो, असे म्हणून तो गेला आणि ऑर्डर दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. रफीकने दार लावून घेतले आणि मला दुसरा चहा विचारला.

हा फॉर्म मी पूर्वीपासून वर्गात शिकवतो. पूर्वी विद्यार्थी विचारत, सोलापुरात असे कोणी करते का, मग शिकायचे कशाला? मी सांगत असे की माल चुकला तर पार्टी हात वर करते, तेव्हा तुमच्याकडे कागद असला पाहिजे. अलीकडे कोणी हा प्रश्न विचारत नाही. विचारला तर उत्तर बदलण्याचे मला कारण दिसत नाही.